काळा तलाव, पांढरा तलाव आणि आपलं धडगाव

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, २०२४ च्या कोजागिरीला गच्चीवर केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून आठवेल तसे लिहून दिले आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही स्वित्झर्लंडला जाऊन आलात, दहा मिनिटं बोला." दहा मिनिटं म्हणजे काय हे बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला कळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. तरी दूध आटायच्या आत संपवतो.

आपण अक्राणी तालुक्यातली माणसं. आपल्या तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. रेल्वे बघायची तर चांदसैलीचा घाट उतरायचा, तळोद्यावरून नंदुरबार गाठायचं आणि सुरत-भुसावळ लाईनवरची गाडी बघायची. पावसाळ्यात दरड कोसळली की तोही रस्ता बंद. अशा गावातला मी माणूस, वयाच्या बहात्तराव्या वर्षी परदेशात जाऊन आठवडाभर नुसता रेल्वेत बसून राहिलो. लेक आणि जावई झुरिकला नोकरीला आहेत, म्हणून हे जमलं. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही दोघं गेलो. आमच्या सौभाग्यवतींनी बॅगेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. तिथे जाऊन कळलं, दशमी चार दिवस टिकते आणि तिकडच्या रेल्वेत ती खाताना कोणी वळूनही बघत नाही.

पहिल्या दिवशी जावयांनी हातात थोड्या नोटा दिल्या. आता बँकवाल्याच्या हातात नोट आली की तो आधी काय करतो? उजेडात धरतो. मीही धरली. नोटेवर त्यांच्या राष्ट्रीय बँकेचं नाव चार वेळा छापलेलं, चार भाषांमध्ये : जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि चौथी रोमान्श. ही चौथी भाषा मी कधी ऐकलेली नव्हती. जावयांना विचारलं तर ते म्हणाले, "आबा, ही बोलणारे शंभरात एकसुद्धा नाहीत." म्हटलं, मग नोटेवर कशाला? ते हसले. म्हणाले, "तुम्ही परवा त्याच भागात जाणार आहात."

घरातही तोच प्रकार. दुधाच्या खोक्यावर तीन भाषा. आमची नात नऊ वर्षांची. ती सकाळी दुधाचं खोकं समोर ठेवून एकच ओळ तीन भाषांत वाचून दाखवायची आणि मला पाठ करायला लावायची. मोटारींच्या मागे 'सीएच' अशी दोन अक्षरं. ती देशाच्या लॅटिन नावाची. लॅटिन कोणाच्याच घरात बोलत नाहीत, त्यामुळे त्या नावावरून कोणाचंच भांडण नाही. पोस्टाच्या तिकिटावर आणि नाण्यावरही असंच एक लॅटिन नाव, हेल्वेशिया. मला ही युक्ती फार आवडली. आपल्या सोसायटीचं नाव ठरवायला पंचवीस वर्षांपूर्वी चार मिटिंगा लागल्या होत्या, ते ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल!

आता मुख्य प्रवास. पूर्वेकडच्या डोंगराळ भागात कूर नावाचं गाव आहे. तिथून इटलीतल्या तिरानो गावापर्यंत बर्निना एक्स्प्रेस जाते. सव्वाचार तासांचा प्रवास. नाव एक्स्प्रेस, पण गाडी आरामात चालते. त्यांचीच दुसरी एक गाडी, ग्लेशियर एक्स्प्रेस, जगातली सर्वांत संथ एक्स्प्रेस म्हणून अभिमानाने मिरवते. झेरमॅटहून सेंट मॉरिट्झला जायला तिला सुमारे आठ तास लागतात. आमच्या गाडीचे डबे लाल, खिडक्या डोक्यापर्यंत वळलेल्या. रूळ अरुंद, मीटर गेज. या रस्त्यावर ५५ बोगदे आणि १९६ पूल. बरंचसं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतलं. शेवटचा बर्निनाचा भाग १९१० साली पूर्ण झाला.

फिलिझुरच्या आधी लांडवासर नावाचा पूल लागतो. दगडी, सहा कमानींचा, खालच्या नदीपासून ६५ मीटर उंच. पूल सरळ नाही, वळणदार आहे. आणि वळण संपतं तिथे समोर उभा कडा. गाडी थेट त्या कड्याच्या पोटातल्या बोगद्यात शिरते. सौ.नी माझा हात धरला. चाळीस वर्षांपूर्वी चांदसैलीच्या घाटात पहिल्यांदा एसटीत धरला होता, त्यानंतर आत्ताच.

पुढे बेर्ग्युन नावाचं गाव. तिथून पुढचं स्टेशन सरळ रेषेत फार लांब नाही, पण चढ चारशे मीटरांहून अधिक. तेवढा चढ एकदम कसा चढणार? म्हणून रूळ डोंगरातच गोल गोल फिरवलेत. गाडी बोगद्यात शिरते, आत वळसा घेते आणि वरच्या अंगाने बाहेर येते. गाव कधी डावीकडे दिसतं, कधी उजवीकडे, दर वेळी थोडं आणखी खाली. नातीने मला विचारलं, "आबा, आपण हरवलो का?" या मार्गाला युनेस्कोने २००८ साली जागतिक वारशात घेतलं. त्याच वर्षी आपली कालका-सिमला गाडीही त्या यादीत आली, हेही सांगून ठेवतो.

पण मंडळी, मला तुम्हाला सांगायचंय ते पुलाबद्दल नाही.

गाडीत चढताना डब्यावर कंपनीचं नाव वाचलं. ते तीन वेळा लिहिलेलं होतं. 'रेटिशे बान' जर्मनमध्ये, 'विआफिएर रेतिका' रोमान्शमध्ये आणि 'फेरोव्हिआ रेतिका' इटालियनमध्ये. कारण ही गाडी ज्या ग्राउब्युंडन प्रांतातून जाते, त्याच्या अधिकृत भाषाच तीन आहेत. त्या देशात असे २६ प्रांत, पण तीन भाषांचा हा एकच. बेर्ग्युनच्या स्टेशनवर पाटी 'बेर्ग्युन / ब्रावुओन' अशी, एक नाव जर्मन, एक रोमान्श. जसजशी गाडी वर जाते तसतशा पाट्या बदलतात.

सगळ्यात वरचं स्टेशन २,२५३ मीटर उंचीवर. जून महिना असून रुळाच्या कडेला बर्फ. तिथे पाठोपाठ दोन तलाव दिसतात. पहिल्याचं नाव 'लेय नायर', म्हणजे काळा तलाव. हे नाव रोमान्श. त्याला लागूनच दुसरा 'लागो बियांको', म्हणजे पांढरा तलाव. हे नाव इटालियन. हिमनदीच्या पाण्यामुळे तो खरोखरच दुधाळ दिसतो. दोघांच्या मध्ये जेमतेम एक बांधासारखी जमीन. पण त्या जमिनीच्या अलीकडचं पाणी उत्तरेला वाहतं आणि डॅन्यूब नदीतून काळ्या समुद्राला मिळतं, पलीकडचं पाणी दक्षिणेला पो नदीतून एड्रिआटिक समुद्राला. पाणी वाटलं जातं तिथेच भाषाही वाटली जाते.

मी सौ.ला म्हटलं, "अगं, हे तर आपलंच झालं!" आपण राहतो तो सातपुडाही तसाच. आपल्या डोंगराच्या उत्तरेकडचे ओढे नर्मदेला जातात. चांदसैली उतरलं की पाणी तापीचं. आणि भाषा? खाली तापीच्या काठी अहिराणी, गुजरी. वर पावरी, भिली. नर्मदेपलीकडच्या गावांशी सोयरीक असलेल्यांच्या बोलीत निमाडीचा सूर. शिवाय मराठी, हिंदी, गुजराती आहेच. आपल्या सोसायटीच्या चोवीस घरांत किती भाषा बोलल्या जातात, हे मी परत आल्यावर मोजलं. सात निघाल्या. पंचवीस वर्षांत मोजलं नव्हतं.

गाडीत आमच्यासमोर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. एंगाडिन खोऱ्यातल्या. नातीला शाळेत कोणीतरी शिकवलं होतं, ती त्यांना म्हणाली, "अलेग्रा!" तो त्या खोऱ्यातला रोमान्श नमस्कार. बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मग नात आणि त्या जर्मनमध्ये बोलत बसल्या. त्यांनी विचारलं, तुझे आजी-आजोबा कोणती भाषा बोलतात? नात म्हणाली, "मराठी." एवढ्यात सौ. माझ्याकडे वळून अहिराणीत काहीतरी म्हणाली. चटणीचा डबा कुठे ठेवला असं काहीतरी. मीही अहिराणीतच उत्तर दिलं. नातीने चमकून विचारलं, "आबा, ही कोणती भाषा?"

मंडळी, मी गप्प झालो. ती माझी मायबोली. माझ्या आईला दुसरी कोणतीच भाषा येत नव्हती. पण मुलांसमोर आम्ही ती कधी बोललो नाही. त्यांना कळू द्यायचं नसेल तेव्हाच बोलायचो, पैशाची अडचण, कोणाचं आजारपण. लेकीला वाटायचं ती आई-बाबांची गुप्त भाषा आहे. बँकेत लागल्यावर एकदा आई माझ्याकडे राहायला आली होती. साहेब घरी आले आणि आई त्यांना सरळ म्हणाली, "जेवण व्हयनं का रे भो?" मला त्या दिवशी लाज वाटली. आईची नव्हे, भाषेची, असं मी स्वतःला समजावलं. पण आईला तो फरक कळला नसणार. ती त्यानंतर पाहुण्यांसमोर बोलायचीच नाही.

आता याहून कठीण गोष्ट सांगतो. ही मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

१९८६ साल. आपण तेव्हा धुळे जिल्ह्यात होतो, नंदुरबार जिल्हा १९९८ च्या १ जुलैला झाला. मी तरुण अधिकारी होतो, कर्जाचं टेबल माझ्याकडे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं जोरात चालू होती. आदिवासी लाभार्थ्याला निम्मी सबसिडी, निम्मं कर्ज. टार्गेट पूर्ण करायची घाई. एका पाड्यावरची पावरा बाई शेळ्यांसाठी आली. आमचे शिपाईभाऊ पावरी बोलायचे, पण त्या दिवशी ते रजेवर. मी मराठीत सगळं समजावलं. निम्मे पैसे परत करायचेत, हप्ता एवढा, मुदत एवढी. मग विचारलं, "समजलं का?" ती मान हलवायची. मी आणखी मोठ्याने विचारलं. मोठ्याने बोललं की भाषा समजते, असा आम्हा अधिकाऱ्यांचा एक समज असतो. तीन वेळा विचारलं, तीन वेळा तिने मान हलवली. अंगठा घेतला. कागद पक्का.

दुसऱ्या पावसाळ्यात शेळ्या मेल्या. हप्ते थकले. नोटीस गेली, अर्थात मराठीत. नोटिशीवर सही माझी. मग एका बाजाराच्या दिवशी ती आली. गळ्यातली आणि हातातली चांदी सोनाराकडे मोडून आली होती. नोटा काउंटरवर ठेवल्या आणि शिपाईभाऊंशी पावरीत बोलली. मी विचारलं, काय म्हणते? ते जरा थांबले, मग म्हणाले, "साहेब, ती म्हणते, सरकारने दिलेल्या शेळ्या होत्या. मेल्या त्याचा दंड भरायला सांगितलाय, तो आणलाय."

म्हणजे कर्ज घेतलंय हेच तिला कळलं नव्हतं. तिचा हिशोब साधा होता : सरकारची वस्तू माझ्या हातून मेली, मी भरून देते. एवढी प्रामाणिक बाई. माझ्या खात्यावर वसुली शंभर टक्के झाली. त्या तिमाहीत वरून शाबासकी आली. कागदात एकही चूक नव्हती. चूक टेबलाच्या अलीकडे, माझ्या खुर्चीत होती. मी एकवीस-बावीस वर्षांपासून या डोंगरात राहतो असं सांगायचो तेव्हाही मला पावरीची वीस वाक्यं येत नव्हती. ती बाई आता नाही. तिची माफी मागायची राहिली.

बर्निनाच्या गाडीत, त्या दोन तलावांपाशी, मला तीच आठवत होती. नोटेवर चार भाषा का, याचं उत्तर मला तिथे मिळालं. हा उदारपणा नाही, हा व्यवहार आहे. खिडकीच्या या बाजूला बसलेल्या माणसाने समोरच्याला समजेल असं बोलायचं. समजून घ्यायचं ओझं अंगठा देणाऱ्यावर टाकायचं नाही.

आता तिथे सगळं गोड आहे असं समजू नका. रोमान्श ही राष्ट्रीय भाषा झाली १९३८ साली, लोकांच्या मतदानाने. ९१ टक्क्यांहून अधिक मतं बाजूने पडली. त्या वेळी मुसोलिनीचा इटली म्हणत होता की रोमान्श ही वेगळी भाषाच नाही, आमचीच एक बोली आहे. त्याला हे उत्तर होतं. पण त्या मतदानात बायका नव्हत्या, त्यांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क १९७१ साली मिळाला. आणि एवढं करूनही रोमान्श आटतेच आहे. तिची लिहिण्याची रूपंच पाच, दर खोऱ्याचं वेगळं. १९८२ साली सगळ्यांसाठी एक सामाईक रूप तयार केलं, त्यावरूनही वाद झाले. डब्यातल्या बाई नातीला म्हणाल्या की त्यांची स्वतःची नातवंडं आता जर्मनच बोलतात. म्हणजे नोटेवर छापून भाषा वाचत नाही. घरात बोलावी लागते.

आपल्याकडे काय आहे? आपल्या नोटेवरच्या भाषापट्ट्यात पंधरा भाषा आहेत, शिवाय हिंदी आणि इंग्रजी. आपण याबाबतीत स्वित्झर्लंडच्या पुढेच आहोत. याच महिन्यात, ३ तारखेला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, मीही खाल्ले. पण २०११ च्या जनगणनेत भिली भाषागट बोलणारे एक कोटीच्या वर आहेत. आपली पावरी त्यातच मोजतात. ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत नाही. खानदेशी, म्हणजे त्यात आपली अहिराणीही आली, साडेअठरा लाख. तीही नाही. दिल्लीचं काम दिल्लीत होईल, तो आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा विषय नाही.

आपला विषय आपल्या फाटकाच्या आतला आहे. मागच्या उन्हाळ्यात मैदानावर पोरं खेळत होती. त्यातली दोन भावंडं आपसात पावरी बोलली तर दुसरं एक पोरगं म्हणालं, "इथे तसलं बोलायचं नाही." कोणाचं पोरगं हे सांगणार नाही, कारण ते वाक्य त्याचं नाही. ते त्याने मोठ्यांकडून ऐकलंय. कदाचित माझ्याच पिढीकडून. मी आईला जे न बोलता सांगितलं, तेच ते बोलून सांगत होतं.

म्हणून माझ्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली, पाण्याची, टाकी साफ करण्याची, लाईट जाण्याची सूचना फक्त फळ्यावर 'सर्व सभासदांस सूचित करण्यात येते की' अशी लिहून मोकळं होऊ नये. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बहिणी आणि आपले वॉचमनभाऊ पावरी-भिली बोलतात, त्यांना ती त्यांच्या भाषेत तोंडी सांगावी. टाकीत औषध टाकलंय हे त्यांनाच आधी कळायला हवं. दुसरी, फाटकावरचं 'सुस्वागतम्' आपल्या सातही भाषांत लिहावं. रंगाचा खर्च मी देतो. तिसरी, पुढच्या कोजागिरीला प्रत्येक घरातल्या पोराने आजीकडून एक गोष्ट ऐकून ती आजीच्याच भाषेत सांगावी. समजली नाही तर शेजारच्याने विचारावं. विचारायलाच तर एकत्र राहतो.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. पाच नंबरच्या घरातली सहावीतली मुलगी मला रोज संध्याकाळी पावरी शिकवते. फी एक गोळी. ती कडक आहे. परवा माझा उच्चार चुकला तर म्हणाली, "आजोबा, तुमची शिकायची इच्छा आहे पण जीभ मराठी आहे." आणि दर रविवारी झुरिकला फोन लावतो तेव्हा नातीशी आधी पाच मिनिटं अहिराणी. ती फोनवर येते ती हल्ली हेच म्हणत, "जेवण व्हयनं का, आबा?" ते ऐकलं की मला आई आठवते.

दूध तयार झालेलं दिसतंय. ज्यांना समजलं नाही त्यांनी खाली येऊन मला विचारावं. या वेळी मी मोठ्याने नाही, हळू सांगेन.